जाड बाजू ओठाकडे

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या: मी पोटासाठी कात्रीने शिसं कापते.

माझ्या खोलीत पत्रा कापायची कात्री आहे, चार कानशी आहेत, लाकडी हातोडा आहे, मेण वितळवायचं भांडं आहे, आणि कोपऱ्यातल्या टाकीत असा एक मिश्रधातू आहे की पाण्याला उकळी फुटायच्या आतच तो पातळ होतो. नवीन माणसाला हे दाखवलं की तो हमखास म्हणतो, "छे, हा कसला धातू!" मग मी त्याला थंड झालेला तुकडा उचलायला देते. वजनाने त्याचा हात झपकन खाली जातो, आणि मला जी मजा येते ती बावीस वर्षांत तसूभर कमी झालेली नाही. हॉस्पिटलच्या तळघरातल्या ह्या खोलीला मोल्ड रूम म्हणतात. शेजारी जाड भिंतींच्या खोलीत इलेक्ट्रॉनचा झोत सोडणारं मशीन आहे. कॅन्सरची गाठ कातडीत किंवा कातडीच्या जरा खाली असेल तर हा झोत तिच्यावर सोडतात. पण झोताला अक्कल एकच, पुढे घुसायची. गाठ संपली, आता आपण थांबावं, हे त्याला कळत नाही. म्हणून त्याच्या वाटेत धातू उभा करायचा, आणि कुठे, किती, कुठला, हे ठरवायचं. ते माझं काम.

माझ्या खोलीतून निघणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर मी एक बाण कोरते. ही बाजू झोताकडे. बाणाशिवाय तुकडा बाहेर गेला तर मला जेवण जात नाही. हे लक्षात ठेवा, कारण ह्याच बाणापायी मी पुढे तोंडावर आपटणार आहे.

डोस कुठे किती पोहोचेल ह्याचं गणित आमचा भौतिकशास्त्रज्ञ करतो. माणूस गुणी, पण कधी हसत नाही आणि एकही आकडा पूर्ण बोलत नाही. किती वाजले विचारलं तर सेकंदासकट सांगतो. मी त्याचं नाव दशांश ठेवलं. त्याच्या कानावर गेलं तेव्हा रागावला नाही. गंभीरपणे त्याने फक्त विचारलं, "किती स्थळांपर्यंत?"

आता आप्पा. आप्पा म्हणजे माझे वडील. अठ्ठेचाळीस वर्षं बोलक्या बाहुलीचे खेळ करतायत. स्वतःचा ओठ जराही न हलवता बोलायचं आणि लोकांना वाटायला लावायचं की मांडीवरचा लाकडी बाहुला बोलतोय. त्या बाहुल्याचं नाव चोंबडा. एक भुवई वर जाते, जबडा खटखट वाजतो, आणि तोंडाचा पट्टा सुटला की समोर कोण आहे ते बघत नाही. आमच्या घरात जेवायला तीन खुर्च्या. आई गेल्यावर मला वाटलं होतं तिसरी रिकामी राहील. पण नाही, तीन महिन्यांनी तिथे चोंबडा बसला.

आप्पांच्या खालच्या ओठावर फोड आला, तो त्यांनी तीन महिने लपवला. सांगितलं कोणी? चोंबड्याने. एके दिवशी जेवताना भुवई वर करून म्हणाला, "ह्याच्या ओठाला काहीतरी झालंय आणि हा बेटा तुला सांगत नाहीये." आप्पा ताटाकडे बघत होते. मी घास खाली ठेवला, आणि त्यांची हनुवटी धरून ओठ उजेडाकडे वळवला. असले फोड मी रोज बघते.

तपासणी झाली, कॅन्सर निघाला, पण लहान, वेळेवर सापडलेला. डॉक्टरीणबाईंसमोर आम्ही तिघं बसलो. चोंबड्याने विचारलं, "ओठ कापला तर?"

डॉक्टरीणबाईंनी चोंबड्याकडे बघूनच उत्तर दिलं. सगळेच देतात, पाच मिनिटांत सवय होते. "कापला तर आजार जाईल, पण ओठ आखडेल. घट्ट मिटणार नाही."

"म्हणजे माझी बोलती बंद. आणि झोत दिला तर?"

"नीट दिला तर ओठ जसाच्या तसा. पण ओठाच्या मागे, दातांच्या पुढे, धातूची ढाल बसवायला लागते, नाहीतर दात, हिरड्या, जीभ सगळं होरपळेल. आणि ती ढाल चुकली तर ओठ आतून भाजेल, व्रण राहील, चामड्यासारखा कडक होईल."

"ढाल करणार कोण?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"मेलो!" चोंबडा म्हणाला.

आता मनातलं सांगते, झाकून ठेवत नाही. ओठ कडक होईल हे ऐकल्यावर माझ्या मनात क्षणभर आलं, की बरं होईल, त्या लाकड्याची कटकट तरी संपेल. लाज वाटली, पण आलं. कारण आप्पांनी स्वतःच्या आवाजात मला आयुष्यभर काय सांगितलं? दार लाव. दिवा घालव. पंखा कमी कर. बाकी सगळं चोंबड्याकडून. मी पहिली आले तेव्हा "छकुली पहिली आली!" म्हणून ओरडला तो चोंबडा. नोकरी लागली तेव्हा नाचला तो चोंबडा. छकुली हा शब्दच त्याच्या मालकीचा. आप्पा मला हाक मारतात "अगं" अशी. मी सत्तेचाळीस वर्षांची बाई आहे आणि मला एका लाकडाचा मत्सर वाटतो, झालं, सांगून टाकलं. पण आई गेल्यावर तीन महिने चोंबडा पेटीत होता तेव्हा घरात पिनही पडलेली ऐकू यायची, तेही मला आठवत होतं. असलं घर मला परत नको होतं. म्हणून मी ठरवलं, ह्या ओठाला ओरखडाही उमटू द्यायचा नाही.

साचा घ्यायला आप्पांना मोल्ड रूममध्ये बोलावलं. चोंबडा स्टुलावर बसला. मी लगदा कालवला, आप्पांचा ओठ पुढे ओढला आणि दातांसमोर ठासून भरला. "आता पाच मिनिटं एक शब्द बोलायचा नाही," मी दरडावलं.

"चव काय घाणेरडी आहे!" स्टुलावरून आवाज आला.

दशांश तेव्हा माझ्या टेबलापाशी कागद घेऊन उभा होता. तो वळला आणि चोंबड्याला म्हणाला, "तुम्ही खाल्लं?" मग आप्पांकडे बघितलं. आप्पांचं तोंड लगद्याने गच्च भरलेलं, ओठ माझ्या चिमटीत, डोळे निष्पाप. दशांशने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला इतकं हसू आलं की साचा वाकडा झाला आणि सगळं पुन्हा करावं लागलं.

साचा उघडल्यावर चांगली बातमी कळली. आप्पांचे खालचे पुढचे दात शिपायांसारखे सरळ रांगेत. म्हणजे ढाल लहानशी आणि जवळजवळ सपाट चालणार होती, त्यात केसभर बाक. मी म्हटलं, मग ती पातळही करते. ओठ पुढे फुगायला नको, ताणायला नको. "शिशाचा एक मिलिमीटरचा पत्रा घालते."

"नको," दशांश म्हणाला. "शून्य घातलेलं बरं."

"काहीही बोलू नका. थोडं का होईना, अडवेल ना?"

"थोडे इलेक्ट्रॉन अडवेल आणि बाकीचे विखरून टाकेल. मागे डोस वाढेल."

मी तडकले. बावीस वर्षं माझी शिशात गेली आणि हा मला शिसं शिकवतोय! मी म्हटलं, चला, दाखवा. आम्ही प्लास्टिकच्या पाट्यांची चवड रचली, मध्ये झोत लागला की निळी पडणारी फिल्म ठेवली, आणि मशीनवालीला सांगून झोत सोडला. मशीन चालवणारी ती माझी मैत्रीण, आम्ही एकाच महिन्यात नोकरीला लागलो. एकदा ढालीशिवाय, एकदा माझ्या लाडक्या एक मिलिमीटरमागे. दोन्ही फिल्म उजेडात धरल्या. माझ्या पत्र्यामागची जास्त निळी होती. मी ती उलटीसुलटी करून बघितली, दिव्याखाली नेऊन बघितली. निळी ती निळीच.

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं. हे वाक्य माझ्या तोंडून वर्षातून एकदा निघतं, आणि मशीनवालीने लगेच तारीख विचारली.

मग सुरू झाली धातूंची परेड. मिश्रधातू ओतायला सोपा, हवा तसा घडतो. पण त्यात कॅडमियम, म्हणजे विषच, तो माणसाच्या तोंडात घालायचा म्हणजे वेड लागायचीच पाळी. शिवाय शिशापेक्षा जाड लागतो. टंगस्टन मस्त, शिशाहून कितीतरी दाट, म्हणून पातळ चालतो. पण माझ्या कात्रीला तो हसतो. आमच्याकडे टंगस्टनच्या दोनच वस्तू होत्या, पापणीखाली घालायच्या वाट्या. मी आशेने त्यातली एक साच्यावर लावून बघितली, तर दात सरळ आणि वाटी गोल, मधल्या फटीत करंगळी जाईल. बाहेरून घडवून आणायचा तर आठ आठवडे, आणि फोड काही आठ आठवडे वाट बघत बसणार नव्हता. पितळ जाड होतं. पोलादही जाड.

"सोन्याचं कर!" चोंबडा म्हणाला. तो आणि आप्पा आता रोज दुपारी यायला लागले होते, जणू खेळाची तालीमच. "मऊ असतं, तोंडात चालतं, आणि मी पहिल्यांदाच श्रीमंत दिसेन."

मी हसले, पण दशांशने कागद पुढे ओढला. खरोखर गणित मांडलं. दहा मिनिटांनी मान वर करून म्हणाला, "अडवायला सोनं शिशाहून सरस. पण इलेक्ट्रॉन परत फेकायला तेही शिशाइतकंच वस्ताद."

"परत फेकायला म्हणजे?" चोंबड्याने विचारलं. आप्पांच्या डोळ्यांत आता खोडी नव्हती.

हे मी सांगितलं, कारण हा माझा प्रांत. "आप्पा, जड धातूवर इलेक्ट्रॉन आपटले की सगळे आत शिरत नाहीत. बरेचसे उलटे उडतात. भिंतीवर चेंडू मारल्यासारखे. आणि भिंतीला चिकटून काय आहे? तुमचा ओठ. म्हणजे ओठाला पुढून डोस, आणि मागून पुन्हा चाळीस-एक टक्के फुकट. भाजतो तो असा."

"मग भिंतीला गादी लाव," चोंबडा म्हणाला.

मी कानस खाली ठेवली, दशांशने पेन. कारण तेच करतात, आणि ते इतक्या थोडक्यात आम्हा दोघांनाही कधी सांगता आलं नव्हतं. हलका धातू आणि त्यावर मेण, की उलटे उडालेले इलेक्ट्रॉन ओठापर्यंत पोहोचायच्या आतच दमून बसतात.

आठवडाभर आम्ही गाद्या लावल्या. नुसतं मेण, नुसतं ॲल्युमिनियम, दोन्ही मिळून, कमी जास्त. भिंतीवर निळ्या फिल्म्सची माळ झाली. काय सांगू, त्या आठवड्यात मला कशाचंही हसू यायचं. मशीनवालीला चहात साखर कमी पडली तरी आम्ही हसायचो. शेवटी ठरलं: तीन मिलिमीटर शिसं, ओठाच्या बाजूला एक मिलिमीटर ॲल्युमिनियम, त्यावर दोन मिलिमीटर दाताच्या डॉक्टरांचं गुलाबी मेण. दातांच्या बाजूला मेणाचा नुसता हात, शिसं तोंडात लागू नये इतपत. फिल्म आली फिकट, आकाशासारखी. दशांश तिच्याकडे बघून म्हणाला, "सुंदर." एवढंच. पूर्णांक.

मी तुकडा कापला, कडा घासल्या, ॲल्युमिनियम बसवलं, मेण चढवलं, आणि मेणावर बाण कोरला. आप्पा तो चार दिवस घरी तोंडात घालून बसायची सवय करत होते. खालचा ओठ पुढे आल्यामुळे चोवीस तास रुसल्यासारखे दिसायचे. चोंबडा म्हणायचा, "मला ह्याच्याकडे बघवत नाही, मला उलटं फिरव."

चौथ्या दिवशी एकच तक्रार आली, तीही चोंबड्यामार्फत: दातांना गार लागतं आणि कडेला जीभ गेली की लोखंड चाटल्यासारखं वाटतं. झालं! माझा जीव कळवळला. उपचाराच्या दिवशी सकाळी मी तुकडा मोल्ड रूममध्ये नेला आणि दातांच्या बाजूलाही मेणाचा अजून एक हात दिला. मग कडांना दिला. मग म्हटलं एकसारखं दिसू दे, म्हणून सगळीकडून मऊ फडक्याने घासला, पॉलिश केला. इतका देखणा तुकडा मी जन्मात केला नव्हता. गुलाबी, गुळगुळीत, दोन्हीकडून अगदी सारखा. त्या घासण्यात बाण पुसला गेला, आणि मला दिसलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्या कोणासाठी मी एवढा लाड केला नसता, आणि चूकही केली नसती.

त्या सकाळी आप्पा फार घाबरले होते. हे मला कसं कळलं, तर चोंबडा थांबेचना. आल्या आल्या काउंटरवरच्या बाईला म्हणाला, "बाई, तुमचं कॅलेंडर उलटं आहे." तिने मागे वळून बघितलं. डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "कोट उलटा घातलाय." त्यांनी चक्क बटणं चाचपली. दशांशला म्हणाला, "चष्मा उलटा." तोवर सगळ्यांना कळलं होतं, तरी दशांशने काढून तपासलाच. तळघरभर हशा. मी त्या हशातच आप्पांना टेबलावर झोपवलं, हनुवटीला पट्टा लावला आणि ढाल ओठामागे सरकवली.

आप्पांनी "अं" केलं.

"गप्प," मी म्हटलं.

"अं, अं!"

"आप्पा, आता तोंड मिटायचं. तालीम झालीये चार दिवस. लहान पोरासारखं करू नका. काही झालं तर उजवा हात वर करा, आम्ही कॅमेऱ्यात बघतोय." माझा आवाज चढला होता. भीती वाटली की माझा आवाज चढतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, लाकडालासुद्धा.

आम्ही बाहेर आलो. जाड दार हळूहळू बंद झालं. चोंबड्याला आत परवानगी नव्हती, म्हणून मी त्याला बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवलं होतं, आतला आवाज ऐकू येणाऱ्या स्पीकरच्या अगदी पुढे. मशीनवाली पडद्यासमोर बसली, दशांश तिच्या मागे, मी बाजूला. तिने आकडे वाचले, दशांशने तपासले.

पडद्यावर आप्पांचा उजवा हात वर आला.

वर आला आणि त्याचं तोंड झालं. अंगठा खाली, चार बोटं वर, उघडमिट, उघडमिट. ओठ दगडासारखा स्थिर. आणि खुर्चीतून चोंबड्याचा किनरा आवाज आला, "ए! उलटं आहे! उलटं!"

"काय उलटं आहे?" दशांशने वाकून चोंबड्याला विचारलं.

झालं, आम्ही फुटलो. मशीनवालीने डोकं टेबलावर टेकवलं. माझ्या डोळ्यांतून पाणी. कॅलेंडर, कोट, चष्मा, आणि आता तोंडात शिसं घालूनही तेच! "काय माणूस आहे गं तुझा बाप!" ती म्हणत होती. मी डोळे पुसले, माइकचं बटण दाबलं आणि म्हटलं, "आप्पा, पुरे झाला चावटपणा. हात खाली."

हात क्षणभर तसाच राहिला. मग बोटं मिटली आणि तो हळूहळू खाली गेला.

मशीनवालीने किल्ली फिरवली. तिचं बोट बटणावर गेलं.

"छकुले."

हा चोंबड्याचा आवाज नव्हता. जाडाभरडा, जरा बसलेला, दार लाव म्हणणारा आवाज. मला आधी कळेचना कोण बोलतंय. त्या आवाजात तो शब्द मी कधी ऐकलाच नव्हता.

"छकुले, उलटं घातलंयस. खरंच."

"थांब!" मी अशी ओरडले की मशीनवालीने दोन्ही हात डोक्यावर नेले, जणू कोणी बंदूक रोखलीये.

ते दार उघडायला वीस सेकंद लागतात. दशांशला विचाराल तर साडेएकोणीस. मला ती वीस वर्षं वाटली. आत धावले, पट्टा सोडला, ढाल काढली आणि नखाने मेण खरवडलं. जी बाजू ओठाला लागून होती तिथे एका खरवडीत काळं शिसं दिसलं. दुसरीकडून खरवडलं, तर आत चांगलं दोन मिलिमीटर मेण, आणि त्याच्या खाली चकाकणारं ॲल्युमिनियम. सगळी गादी दातांना, ओठाला नुसती भिंत. मी टेबलाला धरून खालीच बसले.

आप्पांनी तोंड पुसलं. "त्याला केसभर बाक आहे ना," ते म्हणाले, स्वतःच्या आवाजात, "उलटा घातला की कोपरे ओठात टोचतात. तू घालत होतीस तेव्हाच कळलं मला."

"मग आधी ह्या आवाजात का नाही बोललात?" मी ओरडले, रडले, दोन्ही एकदम.

आप्पांनी नजर छताकडे वळवली. "माझ्या आवाजात मला येत नाही गं बोलायला," ते म्हणाले. "त्याचं ऐकतात सगळे. वाटलं, त्याचंच ऐकशील."

मी त्यांच्या ओठाला हात लावला. मऊ होता. मशीनवाली दारात उभी होती, तिचंही नाक लाल. मागून दशांश म्हणाला, "मी चोंबड्याला विचारलं होतं की काय उलटं आहे. फक्त उत्तरासाठी थांबायला हवं होतं." तो हे इतक्या गंभीरपणे म्हणाला की आप्पांना हसू फुटलं, मग मला, आणि रडता रडता हसण्यात माझी उचकी लागली.

त्या दिवशी झोत दिला नाही. मी चूक रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावाने लिहिली, डॉक्टरीणबाईंना सांगितली आणि नवीन ढाल केली. दिसायला ओबडधोबड, पण ओठाच्या बाजूला कडेला तीन खाचा, शिशातच कापलेल्या, डोळे मिटूनही बोटाला कळतील अशा. आता माझ्या खोलीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक तुकड्याला बाण असतो आणि खाचाही असतात. दुसऱ्या दिवशी ढाल घातली, तीन जणांनी बोट लावून बघितली, आणि शेवटी मी आप्पांना विचारलं. त्यांनी अंगठा वर केला. साधा अंगठा, तोंड नव्हे.

वीस दिवस झोत चालला. ओठ लाल झाला, मग खपली धरली, आणि तोंड हलवायची बंदी आली. चोंबडा पेटीत गेला. मला वाटलं, आता आईनंतरचे ते तीन महिने परत येणार. पण आप्पा बोलायचे. थोडं, दातांतून, अडखळत. "आज भाजी चांगली झालीये." "तुझ्या आईला तुझ्यासारखाच पटकन राग यायचा." एकदा मी कामावर निघताना दारापर्यंत आले आणि पाच मिनिटं उभे राहून म्हणाले, "सांभाळून जा." एवढ्यासाठी पाच मिनिटं! मी जिन्यात हसत सुटले, आणि बसस्टॉपवर पोहोचले तरी हसतच होते.

शेवटच्या झोतानंतर आठ आठवड्यांनी तपासणी होती. खपली पडून खाली कोवळी गुलाबी कातडी आली होती. डॉक्टरीणबाईंनी ओठ चिमटीत धरला, ताणला, उलटवून आतून बघितला. आत कुठे डाग नाही, व्रण नाही. "नुसता बरा नाही, मऊ आहे," त्या म्हणाल्या. "बोला बघू."

आप्पांनी पेटी उघडली. चोंबडा मांडीवर बसला, भुवई वर गेली, जबडा खटखट वाजला. मशीनवाली, दशांश, मी, सगळे पुढे वाकलो. आप्पांचा ओठ बघत होते मी. एवढासुद्धा हलला नाही.

"मी पेटीत असताना," चोंबडा म्हणाला, "ह्या इसमाने माझा एक शब्द चोरलाय."

"कुठला?" दशांशने विचारलं, आणि ह्या वेळी उत्तरासाठी थांबला.

"छकुली. तो माझा आहे. छकुली माझी."

"माझी," आप्पा म्हणाले. स्वतःच्या आवाजात, ओठ चांगला हलवून.

"माझी! पहिली आली तेव्हा कोण ओरडलं होतं?"

"ओरडला तू. घसा कुणाचा होता?"

"पुरावा आण!"

दशांश हसला. आधी नाकातून, मग खांदे हलले, मग खुर्चीला धरून, सगळ्या तळघराला ऐकू जाईल असा. मशीनवालीने पुन्हा तारीख विचारली. चोंबडा म्हणत होता माझी, आप्पा म्हणत होते माझी. मी एरवी भांडण दिसलं की मध्ये पडणारी बाई. त्या दिवशी मी खुर्ची ओढून घेतली, मांडीवर हात ठेवून बसले, आणि त्यांना भांडू दिलं.